विद्युत पिकअपमधील सरकते खण आणि कॅम्पिंगची साधने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत विद्युत पिकअप वापरणारे, किंवा ती घेऊन सुट्ट्यांत कुटुंबासह तंबूत राहायला जाण्याच्या विचारात असलेले मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः रिव्हियन आर१टी आणि फोर्ड एफ-१५० लाइटनिंग या दोन गाड्यांची आहेत. दर वर्षीच्या मॉडेलमध्ये बारीकसारीक फरक असतात, त्यामुळे खरेदीपूर्वी आपल्या गाडीचे माहितीपुस्तक जवळ ठेवावे.

सरकत्या खणांची गरज मुळात का पडते?

पिकअपचा हौदा बाहेरून प्रशस्त दिसतो, परंतु त्यावर झाकण बसवले की तो एक खोल आणि बुटका बोगदा होतो. केबिनच्या बाजूला ठेवलेली पेटी काढायची तर आधी पुढचे सगळे सामान जमिनीवर उतरवावे लागते, आणि पाऊस पडत असताना किंवा अंधारात हे काम कोणालाही नकोसे होते. सरकता खण तळापर्यंतचे सामान माणसापर्यंत आणतो. त्याची खरी कसोटी एकच आहे: एक वस्तू काढण्यासाठी दुसरी हलवावी लागू नये. ज्या रचनेत शेगडी काढण्यासाठी आधी शीतपेटी उचलावी लागते, ती रचना कितीही महाग असली तरी फसलेली समजावी.

कोणत्या गाडीत सामानाची जागा कोठे असते?

इंजिन नसल्यामुळे या गाड्यांना पुढची डिकी मिळते. लाइटनिंगमध्ये ती सुमारे ४०० लिटरची आहे, आणि आर१टीमध्ये ३०० लिटरांहून थोडी अधिक. लाइटनिंगचा हौदा साडेपाच फुटी आहे आणि त्याची मापे पेट्रोलवरील एफ-१५० च्या त्याच लांबीच्या हौद्यासारखीच आहेत. हा योगायोग नाही. आधीपासून बाजारात असलेली झाकणे, खण आणि चौकटी नव्या गाडीलाही बसाव्यात, असा फोर्डचा हेतू होता.

आर१टीचा हौदा अवघा साडेचार फुटी आहे, परंतु केबिन आणि हौदा यांच्यामध्ये गाडीच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत आरपार जाणारी, ३३० लिटरांच्या आसपासची एक पोकळी आहे. तिला गिअर टनेल म्हणतात. तंबूचे खांब, घडीच्या खुर्च्या, मासेमारीच्या काठ्या अशा लांबट वस्तूंसाठी ही जागा फारच सोयीची आहे, आणि माझ्या मते या गाडीतील सर्वांत हुशारीची कल्पना हीच. टेस्लाच्या सायबरट्रकला सहा फुटी हौदा आणि त्यावर सरकते झाकण मिळते.

तयार खण घ्यावेत की सुताराकडून करून घ्यावेत?

तयार खणांमध्ये आयडाहो राज्यातील डेक्ड या कंपनीचे नाव सर्वाधिक ऐकू येते. त्यांची रचना साधारण एक फूट उंच असते, हौद्याच्या पूर्ण लांबीचे दोन खण त्यात शेजारी शेजारी बसतात आणि वरचा सपाट तक्ता सामान ठेवण्यासाठी मोकळा राहतो. प्रत्येक खणाची क्षमता २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो सांगितली जाते. हे खण बारीक गोळ्यांच्या चॅनेलवर चालत नाहीत, मोठ्या चाकांवर चालतात, आणि धुळीच्या प्रदेशात हा फरक लगेच जाणवतो.

स्वतः करून घेण्याचा फायदा म्हणजे आपल्या भांड्यांच्या मापाने खण होतात. तोटा वजनाचा आहे. १८ मिलिमीटर बर्च प्लायवुडचे वजन दर चौरस मीटरला साधारण १२ किलो भरते. पेटी, दोन खण आणि वरचा तक्ता यांना पाच चौरस मीटर प्लायवुड लागले तर चॅनेल आणि बोल्ट धरण्यापूर्वीच ६० किलो झाले. चौकट ॲल्युमिनियमच्या खाचेदार नळ्यांची आणि केवळ तळ १२ मिलिमीटर प्लायवुडचा ठेवला, तर हे वजन बरेच उतरते. घरातील कपाटाला वापरतात तसे सनमायका लावलेले पार्टिकल बोर्ड मात्र येथे मुळीच वापरू नये, कारण ओल लागताच ते फुगते आणि धक्क्यांनी त्यातील स्क्रू सैल होतात.

चॅनेलवर लिहिलेली क्षमता कशी वाचावी?

या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि बहुतेक बिघाड येथूनच सुरू होतात. टेलिस्कोपिक चॅनेलवर २०० किलो लिहिलेले असते, ते जोडीसाठी असते, चॅनेल खणाच्या बाजूंना उभे बसवलेले असतील तर असते, आणि एका ठरावीक लांबीसाठी असते. तेच चॅनेल खणाच्या तळाशी आडवे बसवले तर क्षमता पुष्कळ घटते, कधी कधी पावपट राहते. शिवाय हा आकडा स्थिर जागी बसवलेल्या खणाचा असतो, तर गाडी खडबडीत रस्त्यावर सतत हादरे देते. म्हणून खणात प्रत्यक्ष जितके वजन ठेवायचे असेल त्याच्या निदान दुप्पट क्षमतेचे चॅनेल घ्यावे. बंद अवस्थेत आणि पूर्ण उघड्या अवस्थेत अशा दोन्ही जागी अडकणारी खिट्टी असावी.

दुसरी गोष्ट तोलाची. समजा, भरलेला खण ६० किलोचा आहे आणि बाहेर ओढल्यावर त्याचा गुरुत्वमध्य हौद्याच्या कडेपासून ४० सेंटिमीटर बाहेर जातो. म्हणजे तो पेटीला ६० गुणिले ४०, अर्थात २४०० किलो-सेंटिमीटर इतक्या जोराने उलटवू पाहतो. ५० किलोच्या उरलेल्या पेटीचा गुरुत्वमध्य कडेपासून ६५ सेंटिमीटर आत असेल, तर तिचा प्रतिकार ३२५० भरतो. एक खण उघडला तर पेटी जागेवर राहील. दोन्ही खण एकदम उघडले तर ४८०० विरुद्ध ३२५० असा सामना होतो आणि पेटीचा आतला भाग वर उचलला जातो. म्हणून पेटी केबिनच्या बाजूने हौद्यातील कड्यांना पक्की बांधलेली असलीच पाहिजे. ती नुसती वजनावर राहील, हे गृहीत धरू नये.

गाडी उतारावर उभी असेल तर?

दहा अंशांच्या उतारावर ६० किलोचा खण सुमारे साडेदहा किलोच्या जोराने खाली धावतो. खिट्टी काढताना हात किंवा गुडघा समोर असेल तर एवढा जोर पुरेसा आहे. खण शक्यतो चढाच्या बाजूला उघडावा. आर१टीचे हवेचे सस्पेन्शन कॅम्प मोडमध्ये, म्हणजे मुक्कामासाठीच्या सेटिंगमध्ये, गाडी शक्य तितकी समतल करू शकते आणि ही सोय झोपण्याइतकीच खणांसाठीही उपयोगी आहे. रस्त्याच्या कडेला थांबल्यास गिअर टनेलचे दार वाहतुकीच्या विरुद्ध बाजूचेच उघडावे, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

हौद्याच्या तळाला छिद्रे पाडता येतील का?

पाडू नयेत. पेट्रोलच्या गाडीतही चुकीच्या जागी ड्रिल गेले तर इंधनाच्या टाकीला किंवा नळ्यांना धोका असतो आणि गंज चढतो. विद्युत गाडीत तर तळाखाली उच्च दाबाच्या तारा किंवा थंडाव्याच्या द्रवाच्या नळ्या असू शकतात. उच्च दाबाच्या तारांचे आवरण नारिंगी असते आणि नारिंगी काही दिसले की हात मागे घ्यावा, एवढा नियम पुरतो. बांधणीसाठी कंपनीने दिलेली कडी आणि मूळचे बोल्ट वापरावेत. फोर्डचा हौदा ॲल्युमिनियमचा असल्यामुळे त्याला लागून साधे लोखंड ठेवले आणि मध्ये पाणी साचले, तर दोन धातूंच्या संपर्काने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा रबराची पट्टी घालावी.

गाडी किती वजन सहन करते?

चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळा-पांढरा कागद चिकटवलेला असतो. माणसे आणि सामान मिळून कमाल वजन त्यावर लिहिलेले असते. आर१टीसाठी जाहीर केलेला आकडा १,७६४ पौंड, म्हणजे साधारण ८०० किलो आहे. हा आकडा मोठा वाटतो तोवर बेरीज केलेली नसते. चार प्रौढांचे ३०० किलो, खणांचे १००, टपावरच्या तंबूचे ७०, भरलेल्या शीतपेटीचे ३५, चाळीस लिटर पाण्याचे ४०, आणि अंथरुणे, टेबल, खुर्च्या, कपडे, शिधा यांचे ८० धरले, तर ६२५ किलो होतात. उरलेल्या १७५ किलोंमध्ये दोन सायकली सहज बसतील. परंतु मागे १५०० किलोची ट्रेलर जोडली, तर तिच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार, म्हणजे १५० ते २२५ किलो, हुकावर येतो आणि तोही याच हिशेबात धरावा लागतो. गाडी ११,००० पौंड ओढू शकते, या वाक्यावर विसंबून निघालेल्यांचा हिशेब येथे चुकतो.

टपावरचा तंबू घ्यावा का? त्याने पल्ला किती कमी होतो?

हौद्यात ठेवलेल्या वजनाने पल्ला, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर, थोडाच कमी होतो. उंचावर ठेवलेल्या आकाराने बराच. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ५५ मैलांऐवजी ७५ मैलांनी गेल्यास तो सुमारे १.८६ पट होतो, आणि टपावरचा तंबू गाडीचा हवेला सामोरा जाणारा आकार मोठा करून त्यात भर घालतो. पेट्रोलच्या गाडीतही हेच घडते, फक्त तेथे पुढचा पंप दहा मैलांवर असतो म्हणून कोणी लक्ष देत नाही. नेवाडा किंवा युटाच्या निर्जन रस्त्यांवर दोन चार्जरमधील अंतर मोठे असते आणि तेथे हा फरक जेवणाच्या वेळेपासून मुक्कामाच्या जागेपर्यंत सर्व काही बदलतो.

माझे मत स्पष्ट आहे: तंबू टपावर न चढवता हौद्यावरच्या बुटक्या चौकटीवर, केबिनच्या उंचीच्या आत बसवावा, आणि वर्षातून दोनदाच जाणार असाल तर जमिनीवरचा साधा तंबू खणात ठेवावा. टपावर बसवायचाच असेल, तर आडव्या दांड्यांची गाडी चालू असतानाची क्षमता तंबूच्या वजनापेक्षा जास्त आहे ना, ते पाहावे. उभ्या गाडीवर त्याच दांड्या कितीतरी पट भार घेतात, त्यामुळे आत माणसे झोपल्याने काही बिघडत नाही.

स्वयंपाकाने बॅटरी संपेल का?

नाही. ही भीती इतकी पसरलेली आहे की तिचे उत्तर आकड्यांतच दिलेले बरे. दोन लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास ०.१९ युनिट वीज लागते; इंडक्शन शेगडीतील व्यय धरून ०.२२ म्हणू. येथे युनिट म्हणजे घरच्या वीजबिलावरचेच एक किलोवॅट-तास. चार माणसांचा दिवसभराचा चहा, वरण-भात, भाजी आणि सकाळचे पोहे मिळून एक ते दीड युनिट पुरतात. कंप्रेसरची चाळीस लिटरची शीतपेटी दिवसाला साधारण अर्धे युनिट घेते, कडक उन्हात थोडे अधिक. पहिल्या पिढीच्या आर१टीची मोठी बॅटरी १३५ युनिटांची आहे आणि ही गाडी एका युनिटात सुमारे दोन मैल जाते. म्हणजे दिवसभराचा स्वयंपाक आणि शीतपेटी मिळून चार मैलांची वीज खातात. घाटरस्त्यावर एखादे वळण चुकले तरी एवढी जाते.

वीज खरी जाते ती गाडीतील हवा रात्रभर गरम ठेवण्यात. बाहेर गोठवणारी थंडी असेल तर हीटर तासाला एक ते दोन युनिटही घेऊ शकतो आणि आठ तासांत पंधरा युनिट सहज संपतात. त्याऐवजी १०० वॅटची विजेची चादर रात्रभरात एक युनिटही घेत नाही. शिवाय प्लग चालू राहावेत म्हणून गाडीची स्वतःची यंत्रणा जागी ठेवावी लागते आणि तिचाही सततचा खर्च असतो. पहिल्या मुक्कामाला झोपताना आणि उठताना बॅटरीची टक्केवारी लिहून ठेवली की आपल्या गाडीचा आकडा मिळतो.

किती वॅटची शेगडी चालेल?

पहिल्या पिढीच्या आर१टीमध्ये १२० व्होल्टच्या सर्व प्लगांची मिळून मर्यादा १,५०० वॅट आहे. अमेरिकेत मिळणाऱ्या अनेक सुट्या इंडक्शन शेगड्या १,८०० वॅटच्या असतात. त्या पूर्ण शक्तीवर लावल्या की वीज बंद पडते. लाइटनिंगमध्ये हा प्रश्न जवळपास येतच नाही, कारण तिच्या वरच्या श्रेणीत ९.६ किलोवॅटची सोय आहे: २.४ पुढच्या डिकीत आणि ७.२ केबिन व हौद्यात, शिवाय हौद्यात २४० व्होल्टचा एक प्लगही मिळतो.

भारतातून आणलेला मिक्सर आणि कुकर चालतील का?

मिक्सर चालणार नाही. तो २३० व्होल्टसाठी बनलेला असतो. १२० व्होल्टवर मोटर नुसती घुरघुरते आणि ओली चटणी वाटताना तापून जळू शकते. लाइटनिंगच्या २४० व्होल्टच्या प्लगाला जुगाडाने पिन जोडून तो लावण्याची सूचना काही जण देतात. तसे करू नये. तो प्लग वेगळ्या रचनेचा, ३० अँपिअरचा आहे आणि मिक्सरच्या बारीक वायरीचे त्यात संरक्षण होत नाही. वाटण घरी करून गोठवून न्यावे.

कुकरचे उत्तर धातूवर अवलंबून आहे. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. तळाला चुंबक चिकटत असेल तरच तो चालतो. बिडाचा किंवा लोखंडी तवा उत्तम चालतो, पण त्याला खोलगट बूड नसावे. गोल बुडाची कढई निरुपयोगी ठरते. पोळ्यांसाठी इंडक्शनवर तवा सारखा उचलू नये, कारण उचलताच शेगडी बंद पडते. फुलके फुगवण्याचा आग्रह असेल तर तेवढ्यापुरती गॅसची शेगडी लागेल.

रिव्हियनचे सरकते स्वयंपाकघर अजून मिळते का?

२०१९ साली ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे ओव्हरलँड एक्स्पोमध्ये कंपनीने गिअर टनेलमधून बाहेर सरकणारे स्वयंपाकघर दाखवले. त्यात इंडक्शनच्या दोन शेगड्या, पाण्याची टाकी, हात धुण्याचे भांडे आणि खणांत नीट बसवलेली भांडी होती. त्या एका चित्रावर अनेकांनी गाडी नोंदवली. पुढे त्याची ५,००० डॉलर किंमत जाहीर झाली, परंतु ते सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आले नाही. २०२४ मध्ये कंपनीने १,४०० डॉलरचे घडीचे ट्रॅव्हल किचन आणले. ते गाडीच्या मागच्या फाळक्यावर मांडायचे असते. दिसायला ते साधे आहे, पण टनेल लांबट सामानासाठी मोकळा राहतो. जुन्या कल्पनेपेक्षा हे अधिक व्यवहार्य आहे.

गॅसची शेगडी आणि सिलिंडर खणात ठेवावेत का?

प्रवासात सिलिंडर बंद खणात, गिअर टनेलमध्ये किंवा पुढच्या डिकीत ठेवू नये. प्रोपेन आणि ब्यूटेन हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास ते तळाशी साचतात. सिलिंडर हौद्यात, हवा खेळती राहील अशा जागी, उभा बांधून न्यावा. झाकलेल्या हौद्यात किंवा तंबूत शेगडी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि दर वर्षी अशाने माणसे दगावतात. ब्यूटेनची पातळ डबी शून्याच्या आसपासच्या थंडीत पेटतही नाही.

खाद्यपदार्थ रात्री खणातच राहू द्यावेत का?

ज्या प्रदेशात अस्वले आहेत तेथे नाही. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात अंधार पडल्यावर गाडीत अन्न ठेवण्यास मनाई आहे, आणि पिकअपच्या हौद्यात तर दिवसाही परवानगी नाही. अन्न म्हणजे केवळ जेवण नव्हे; साबण, टूथपेस्ट, रिकामा टिफिन, तुपाची बरणी, लोणचे, मसाल्याचा डबा हे सर्व त्यात येते. तंबूच्या जागेजवळ लोखंडी कपाटे दिलेली असतात, त्यांत हे ठेवून कडी लावावी. म्हणून शिध्याचा खण असा करावा की त्यातील टोपली हँडलसह जशीच्या तशी उचलून कपाटात नेता येईल. इतर उद्यानांत नियम वेगळे असतात. प्रवेशद्वारावर मिळणारा कागद वाचावा.

तंबूच्या जागी गाडी चार्ज करता येते का?

जेथे मोठ्या घरगाड्यांसाठी विजेचा खांब असतो तेथे येते. ५० अँपिअरच्या २४० व्होल्ट प्लगावर सतत ४० अँपिअर घेता येतात, म्हणजे ९.६ किलोवॅट, रात्रीच्या दहा तासांत ९० युनिटांच्या आसपास भर पडते. ३० अँपिअरचा प्लग दिसायला दणकट असला तरी तो १२० व्होल्टचाच असतो आणि २.९ किलोवॅटच देतो. दोन्हींसाठी योग्य ॲडॉप्टर बरोबर असावेत. काही ठिकाणी गाडी चार्ज करण्यास वेगळे शुल्क असते किंवा मनाई असते, त्यामुळे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे.

खण बसवल्यावर हौद्यात झोपता येईल का?

लाइटनिंगचा हौदा सुमारे १७० सेंटिमीटर लांब आणि ५४ सेंटिमीटर खोल आहे. एक फूट उंचीचे खण बसवले की कडेपर्यंत जेमतेम नऊ-साडेनऊ इंच उरतात. बुटके झाकण असेल तर कूस बदलणेही कठीण. उंच टोपण बसवले किंवा फाळका उघडा ठेवून वर कापडी तंबू ताणला, तरच हे शक्य आहे. आर१टीत फाळका उघडल्यावर जवळपास सात फूट मिळतात.

भारतात हे सर्व करता येईल का?

वर उल्लेखलेली पिकअप वाहने भारतात अधिकृतपणे विकली जात नाहीत. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स या डिझेल पिकअपमध्ये खण बसवता येतात, परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आणि २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर कडक मर्यादा आहेत. वेल्डिंग न करता, पट्ट्यांनी बांधलेली आणि सामान म्हणून उतरवता येणारी पेटी हाच तेथे सुरक्षित मार्ग आहे.

देखभाल कशी करावी?

वाळवंटातील पिठासारखी धूळ प्रत्येक फटीत शिरते आणि चॅनेलला ग्रीस लावलेले असेल तर त्यात चिकटून तिचा पॉलिश पेपर होतो. ग्रीस पुसून कोरड्या टेफ्लॉनचा फवारा वापरावा. सहलीहून आल्यावर आधी हवेने धूळ उडवावी, त्यासाठी आर१टीच्या हौद्यातील कंप्रेसर उपयोगी पडतो, आणि मगच पाणी लावावे. समुद्रकिनाऱ्यावरून परतल्यास त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन खण उघडे ठेवून वाळवावेत. खिट्ट्यांचे आणि बांधणीचे बोल्ट पहिल्या खडबडीत प्रवासानंतर लगेच, आणि पुढे दर हंगामाच्या सुरुवातीला आवळून पाहावेत.